विहीर बंद करायची, ती कशासाठी

आमच्या पाड्यात इंग्रजी कागद वाचून दाखवणारी पहिली मुलगी मी, आणि माझ्या त्या वाचण्याने पाड्याचं एका उन्हाळ्याचं पाणी गेलं. ही गोष्ट पाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे, अजूनही कुणी ना कुणी हसत हसत काढतं. लिहून मात्र मी ती कधी ठेवली नव्हती. आता डहाणू रोडला औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असते, डब्यांवरची बारीक अक्षरं वाचून गिऱ्हाइकांना सांगते, आणि दुपारी गर्दी ओसरली की तो उन्हाळा आठवतो. आठवतो तसा लिहिते.

आमचं घर तलासरीकडच्या झरी गावाच्या पुढे, टेकडीच्या उतारावर. सोळा घरांचा पाडा. कुडाच्या भिंती, वर अर्धी कौलं आणि अर्धे पत्रे. बाबा खालच्या तुकड्यात भात लावायचे, वरच्या उतारावर नागली आणि थोडा उडीद. भात झोडून झालं की ते गवताच्या वखारीवर जायचे, गवत दाबून गठ्ठे बांधायला. संध्याकाळी परत आले की अंगाला वाळल्या गवताचा वास यायचा आणि आई त्यांना ओटीवर बसायच्या आधी कपडे झटकायला लावायची. घरात आम्ही आपली बोली बोलायचो, शाळेत मराठी, आणि वखारीच्या शेठशी बाबा गुजरातीत बोलायचे. बाबांचं म्हणणं असं की गुजरातीत माणसाला नाही म्हणणं सोपं जातं. सकाळी भाताची पेज आणि मीठ, दुपारी नागलीची भाकर, बरोबर सुकटाची चटणी नाहीतर उडदाचं पातळ वरण. पावसाच्या सुरुवातीला आई रानातून शेवळं आणायची आणि घशाला खाजू नये म्हणून त्यात काकडं, रानातली आंबट फळं, घालून शिजवायची. ती भाजी मी अजून शिकते आहे.

शेजारचं घर जमनाआत्याचं. बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून बाबांनी तिला आमच्या अंगणाला लागून खोली बांधून दिली होती. तिच्या हातची तांदळाची भाकर पाड्यात नावाजलेली. परातीत थापत नसे, दोन हातांच्या मध्ये धरून गोल फिरवत थापायची, आणि तो थाप-थाप आवाज आमच्या अंगणात सकाळी पहिला यायचा. मग कोंबड्या, मग विहिरीवरचा पोहरा कठड्याच्या दगडावर आपटायचा तो आवाज. विहीर पाड्याच्या मधोमध होती, जुनी, दगडी, वरून रुंद आणि खाली फार खोल नाही. फेब्रुवारी सरता सरता तळ दिसायला लागायचा, मार्चमध्ये बायका वाटीने पाणी भरायच्या, आणि एप्रिलपासून ओढ्यात खड्डे खणून झिरपेल तेवढं पाणी आणायचं. ओढ्याची वाट उताराची, निसरड्या खडीची. लहानपणापासून पाहिलेलं असल्याने आम्हाला त्यात वावगं काही वाटत नव्हतं.

दहावीला मला इंग्रजीत एकसष्ट गुण पडले. गणितात त्याहून जास्त होते, पण ते कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. डहाणूला अकरावीला नाव घातलं, मुलींच्या वसतिगृहात राहायला लागले, आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा मी पाड्याची इंग्रजीवाली झाले होते. लोक दिव्याच्या बिलापासून खताच्या पिशवीपर्यंत काहीही घेऊन यायचे. बिल मराठीतच असायचं, तरी मीच वाचावं असा आग्रह. आई मुद्दाम बाहेर बसून तांदूळ निवडायची, म्हणजे येणारा-जाणारा दिसेल. मला ते सगळं फार आवडत होतं, हे आधी कबूल करते. न येणारा शब्द आला की मी थांबत नसे. अंदाजाने काहीतरी सांगून पुढे जायचे.

त्याच सुट्टीत ते पत्र आलं. मुंबईकडची एक संस्था आमच्या भागात पाण्याची कामं करत होती. तिचे इंजिनियर साहेब पावसाळ्याआधी दोनदा येऊन विहीर मोजून गेले होते. विहिरीत टेप सोडली, दगड ठोकून पाहिले, वहीत लिहिलं, हिंदीत "देखते हैं" म्हणाले आणि गेले. दिवाळीनंतर त्यांची जीप आली ती साहेबांशिवाय. चालक वापीकडचा होता, गुजराती बोलणारा. त्याने धर्माकाकांच्या हातात पाकीट दिलं. धर्माकाका म्हणजे पाड्यातले सगळ्यात वडीलधारे, कुणाचं लग्न ठरवायचं असो की बांधाचं भांडण मिटवायचं असो, त्यांच्याशिवाय काही व्हायचं नाही. चालक म्हणाला, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेऊन ठेवा, गुरुवारी परत येतो.

जांभळीखाली माणसं जमली. काकांनी पाकीट फोडलं आणि कागद माझ्याकडे दिला. आख्खं पत्र इंग्रजीत. वर संस्थेचं नाव, मधे पाच-सहा ओळी, खाली सह्यांसाठी रेघा. पहिल्या ओळी नमस्काराच्या आणि मोजणीच्या होत्या, त्या मी कशाबशा सांगितल्या. मग मधलं वाक्य आलं. ते मी इतक्या वेळा मोठ्याने वाचलं की आजही मला पाठ आहे. 'वी शॅल क्लोज द वेल फॉर फिफ्टीन डेज टू मेक इट डीपर, सो दॅट द हॅम्लेट हॅज वॉटर टिल जून.'

वेल म्हणजे विहीर हे मला येत होतं, हॅम्लेट म्हणजे आमचा पाडा हे वरच्या ओळींवरून कळलं होतं. क्लोज म्हणजे बंद. फिफ्टीन डेज म्हणजे पंधरा दिवस. सो म्हणजे म्हणून, टिल म्हणजे पर्यंत. एक 'डीपर' तेवढा कधी पाहिला नव्हता. डेपो, डिपार्टमेंट असलंच काही सरकारी असावं असं मला वाटलं. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे होते. मी मान वर केली आणि सांगितलं, "पंधरा दिवसांत विहीर बंद करणार. ती खात्याची होणार. म्हणून पाड्याला जूनपर्यंतच पाणी."

तो 'जूनपर्यंतच' मधला च माझा होता. पत्रात तो कुठेच नव्हता.

मग जमनाआत्या म्हणाली, "विहीर बंद करून आमी पाणी कुठलं प्यायचं?" आणि एकदम सगळे बोलायला लागले. कुणी म्हणालं पलीकडे कारखाना येणार असेल, त्याला पाणी पाहिजे असेल. कुणी म्हणालं म्हणूनच दोनदा मोजून गेले. बाबांनी मला हळूच विचारलं, "वनी, बरोबर वाचलंस ना?" मी म्हटलं, "हो बाबा, क्लोज म्हणजे बंदच." हे खरंच होतं. क्लोज म्हणजे बंदच.

गुरुवारी जीप आली. धर्माकाका सह्या न केलेला कागद हातात घेऊन पुढे गेले. त्यांनीही चालकाला नीट विचारलं, हे मला आवर्जून सांगायचं आहे. गुजरातीत विचारलं, "विहीर बंद करणार, हे खरं काय?" चालक म्हणाला, "हा, कूवो बंध करवानो छे. पंदर दिवस." त्याला तेवढंच माहीत होतं आणि तेवढंच त्याने सांगितलं. काकांनी कागद त्याच्या हातात परत दिला. "साहेबाला सांग, आमाला नाय पाहिजे." चालकाने खांदे उडवले, जीप वळवली आणि गेला. लोकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या दिवशी आत्याने माझ्यासाठी गूळ घातलेली गरम भाकर केली. मी ती ओटीवर बसून खाल्ली, सगळ्यांना दिसेल अशी.

संस्थेने ते काम दुसऱ्या पाड्याला दिलं. त्यांची विहीर फेब्रुवारीत बंद झाली, पंधरा-अठरा दिवस तिथे दगड उपसायची यारी चालली, दगडाचा ढीग वर आला, आणि मग ती पुन्हा उघडली. आमची माणसं रस्त्याने जाता-येता ते बघत होती. त्यांची वेगळी असेल, त्यांचं पत्र वेगळं असेल, असं आपसांत म्हणत होती. मी तेव्हा डहाणूला होते, मला त्यातलं काही कळलं नाही. आमची विहीर नेहमीसारखी मार्चमध्ये आटली.

मे महिन्यात मी सुट्टीला घरी होते. ओढ्यावरून पाणी आणताना आत्या माझ्यापुढे पाच-सहा पावलांवर चालत होती. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी. खडीवरून तिचा पाय सरकला. हंडा सोडून दिला असता तर कदाचित हात वाचला असता, पण ती हंड्याला धरायला गेली आणि उजव्या हातावर पडली. पाणी सगळं खडीत गेलं. ती कण्हली नाही, आधी "हंडा चेपला का गे?" असं तिने मला विचारलं. मनगट सुजून दुप्पट झालं होतं. गावातल्या हाड बसवणाऱ्याने बांबूच्या पट्ट्या बांधल्या. तलासरीच्या दवाखान्यात चला असं आई सांगत राहिली आणि आत्या उद्या जाऊ म्हणत राहिली. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. पावसाळा आला तेव्हा पट्ट्या सुटल्या आणि कळलं की तो हात आता पुरता उताणा होत नाही. दोन हातांत भाकर फिरवणं संपलं. सकाळचा तो थाप-थाप आवाज आमच्या अंगणातून गेला.

बारावीला इंग्रजीला राऊत सर होते. बारीक अंगाचे, नेहमी पांढरा सदरा, खिशात तीन रंगांचे खडू. ते व्याकरण पुस्तकातून शिकवत नसत. कुणालाही उभं करायचे आणि काहीतरी करायला सांगायचे. खिडकीकडे जा. दार लाव. मग विचारायचे, "कशासाठी गेलास?" उत्तर इंग्रजीत द्यायचं. त्या दिवशी विषय होता तोच, कशासाठी. फळ्यावर त्यांनी मराठीत दोन वाक्यं लिहिली. 'पाऊस आला म्हणून मी थांबलो.' 'पाऊस थांबावा म्हणून मी थांबलो.' म्हणाले, "बघा, आपल्याकडे दोन्हीकडे म्हणूनच आहे. पहिल्यात ते कारण सांगतं, दुसऱ्यात हेतू. आपल्याला कळतं, कारण क्रियापद बदलतं. आला आणि थांबावा. इंग्रजीत नुसता सो दिसला की म्हणून असं लिहून मोकळे होऊ नका. त्याच्यामागे दॅट आहे का बघा. आणि पुढचं वाक्य काय घडलं ते सांगतंय, की काय घडावं ते सांगतंय, हे बघा. काही करायला जायचं असेल तर टू लावा. आणि फॉरच्या मागे लागू नका, तो कधी हेतू सांगतो, कधी नुसता काळ." मग म्हणाले, "सो दॅट असलेलं एकेक वाक्य सांगा. पुस्तकातलं नको."

मुली चुळबुळ करत होत्या. माझ्याकडे तर वाक्य तयार होतं, घरून आणलेलं, वर्षभर पाठ असलेलं. मी हात वर केला आणि उभी राहून घडाघडा म्हणाले.

सर खूश झाले. "वा! कुठून आणलंस हे?" माझ्या उत्तराची वाट न बघता ते फळ्याकडे वळले. आख्खं वाक्य लिहून काढलं, तीन रंगांच्या खडूंनी तीन तुकडे केले. "एकाच वाक्यात तिन्ही आले. हा फॉर काळ सांगतो, पंधरा दिवस, किती दिवस बंद ते. हा टू हेतू सांगतो, कशासाठी बंद, तर डीपर करायला, अजून खोल करायला. आणि हा सो दॅट, म्हणजे हे सगळं का करायचं, तर पाड्याला जूनपर्यंत पाणी मिळावं म्हणून. विहीर खोल करण्यासाठी आम्ही ती पंधरा दिवस बंद ठेवू, म्हणजे पाड्याला जूनपर्यंत पाणी पुरेल. किती सरळ वाक्य आहे बघा. लिहिणाऱ्याने काही लपवलेलं नाही." आणि मला म्हणाले, "बस, शाब्बास."

मी बसले. नंतरचा तास मला आठवत नाही. बाजूला कल्पना बसली होती, गंजाडची, माझ्याच खोलीत राहणारी. तिने विचारलं, "काय झालं गं? पांढरी पडलीस." मी तिला दुपारी वसतिगृहाच्या मागच्या पायरीवर सगळं सांगितलं. तिने मध्ये काही विचारलं नाही. शेवटी म्हणाली, "घरी कुणाला माहीत नाहीये?" मी "नाही" म्हटलं. "मग तू सांगितलं नाहीस तर कुणालाच कळणार नाही," ती म्हणाली. तिने हे मला वाईट शिकवायला म्हटलं नव्हतं, जे होतं तेच सांगितलं. दोन दिवस मी त्याच विचारावर राहिले. तिसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत गेले आणि त्यांना सांगितलं.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं म्हणतील, जाऊ दे, लहान होतीस. ते म्हणाले, "असं पत्र इंग्रजीत पाठवायला नको होतं. ती चूक त्यांची. डीपर येत नव्हतं आणि येत नाही असं तू म्हणाली नाहीस, ही तुझी." मग म्हणाले, "आधी घरी सांग. पत्र त्यानंतर लिहू."

शनिवारी मी तलासरीपर्यंत एसटीने आणि पुढे जीपने गेले. बाबा गुरांच्या वाडग्यात बैलाला चारा घालत होते. तिथेच उभं राहून सांगितलं. त्यांनी पेंढी खाली ठेवली. "म्हणजे चांगलं करायला आले होते?" "हो." "आणि आपण हाकललं." "हो बाबा." त्यांनी पुन्हा पेंढी उचलली, सोडवली, बैलापुढे पसरली. "जमनाला सांग," ते म्हणाले. "माझ्याकडून कळायला नको."

आत्या चुलीपुढे होती. आता ती भाकर पाटावर डाव्या हाताने थापायची, जाड आणि कडेला फाटलेली. मी सांगत होते तेव्हा तिची थापणी चालू होती. ओढ्याच्या वाटेपर्यंत आले तेव्हा थांबली. तिने वाकडा हात मांडीवर घेतला आणि त्याच्याकडे बघितलं.

"म्हंजे विहीर खोल झाली असती तर मे महिन्यात आपण ओढ्यावर गेलोच नसतो."

"नसतो गेलो आत्या."

"तुला येत नव्हतं तर येत नाय म्हणायचं. आमाला काय सगळं येतं?"

मी रडायला लागले. तिने मला जवळ घेतलं नाही. भाकर तव्यावर टाकली, उलटली, काढली आणि म्हणाली, "जा आता. मला दोन दिवस तुझ्याशी बोलायचं नाय." आणि खरोखर बोलली नाही. आमच्या अंगणातून चार वेळा ये-जा केली, आईशी बोलली, बाबांशी बोलली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते दोन दिवस मला फार लांब वाटले, पण आज वाटतं की तिने दिवस मोजून सांगितले होते ही तिची माया होती.

रविवारी संध्याकाळी जांभळीखाली पुन्हा माणसं जमली. मी उभी राहून सांगितलं. धर्माकाकांचा चेहरा तांबडा झाला. कागद त्यांनी स्वतःच्या हाताने परत केला होता, स्वतःच्या तोंडाने नाही म्हटलं होतं. "पोरीच्या जातीवर विसंबलो, ही माझी चूक," ते म्हणाले. "यापुढं माझ्या घरचा कागद तुझ्या हातात नाय देणार." बाबा मान खाली घालून बसले होते. तेवढ्यात मागून आत्या उठली. दोन दिवस पुरे व्हायचे होते, म्हणून माझ्याकडे न बघता ती काकांना म्हणाली, "धर्मादादा, माझ्या हाताचं मी बघते. त्या संस्थेला परत बोलवा. विहीर खोल व्हायला पाहिजे की नको, तेवढं बोला." त्यावर कुणी नको म्हणालं नाही.

पत्र मी डहाणूला जाऊन लिहिलं. पहिला मसुदा शाळेत शिकवलेल्या रजेच्या अर्जासारखा होता, आदरपूर्वक, नम्रपणे, सेवेशी सादर. सरांनी त्यावर आडवी रेघ मारली. "हा वाचणारा माणूस कामात असतो. तू कशासाठी लिहितेस ते पहिल्या ओळीत सांग." दुसऱ्यात मी आमच्या पाड्याचे हाल लिहिले. तेही कापलं. "हे कारण झालं. हेतू कुठे आहे?" मला दोन्ही सारखंच वाटत होतं. सर म्हणाले, "हाल झाले ते मागे गेलं. तुला पुढे काय व्हायला हवंय?" चौथ्या वेळी पत्र सहा ओळींचं झालं. आमची विहीर खोल करावी अशी विनंती करण्यासाठी लिहीत आहोत. मागच्या वर्षी आम्ही नकार दिला, कारण तुमचं पत्र मी चुकीचं वाचलं. काम चालू असताना ते सोपं जावं म्हणून पाड्यातल्या प्रत्येक घरचा एक माणूस मजुरीशिवाय येईल. आणि शेवटी, पुढचं पत्र सगळ्यांना कळावं यासाठी ते मराठीत पाठवावं. 'मी चुकीचं वाचलं' हे लिहू का, असं मी विचारलं होतं. सर म्हणाले, "तुझं पत्र आहे." मी लिहिलं. पुढच्या शनिवारी ते पाड्यात नेऊन खाली सोळा घरांच्या सह्या आणि अंगठे घेतले. धर्माकाकांनी अंगठा दिला, पण माझ्याकडून नाही, बाबांकडून शाई घेऊन.

दोन महिने काही आलं नाही. मग नाताळाच्या आसपास साहेब स्वतः आले, बरोबर मराठी येणारा माणूस घेऊन. मी त्या दिवशी तिथे नव्हते. आई सांगते, ते विहिरीच्या कठड्यावर बसले आणि म्हणाले की गावात काही भांडण असेल असं समजून आम्ही तुमचं नाव काढून टाकलं होतं. मग त्यांनी विचारलं, ती चुकीचं वाचणारी मुलगी कुठे आहे? आत्या म्हणाली, "शिकायला गेली आहे." फेब्रुवारीत विहीर बंद झाली. पंधरा दिवस म्हणता बावीस दिवस लागले, कारण खाली काळा दगड निघाला. त्या वर्षी पाणी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकलं. जूनपर्यंत नाही, पण ओढ्यावर दोन महिने जायचं ते दहा-बारा दिवसांवर आलं.

बारावीनंतर मी औषधशास्त्राच्या डिप्लोमाला गेले. धर्माकाका वाटेत भेटले तर "बरी आहेस ना" म्हणायचे आणि पुढे जायचे. त्यांच्या घरचे कागद तलासरीच्या एका दुकानदाराकडे जायचे.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी, हिवाळ्यात, आमच्याकडे जमीन हादरायला लागली. दर काही दिवसांनी धक्का, भिंतींना भेगा, माणसं अंगणात ताडपत्रीखाली राहायला लागली. मी आई-बाबांची काळजी वाटून चार दिवस घरी आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी धर्माकाका आमच्या अंगणात आले. सत्तरीच्या पुढे गेले होते, काठी घेऊन चालायचे. त्यांनी कनवटीतून घडी केलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. नातीला तापात झटके आले होते, तिला वलसाडकडच्या दवाखान्यात ठेवलं होतं, परवा घरी सोडलं होतं. कागद इंग्रजीत होता, हाताने लिहिलेला.

"ताप गेला," काका म्हणाले. "म्हणून कालपास्नं गोळी बंद केली. सून म्हणते बंद नको, पोरगा म्हणतो ताप नाय तर गोळी कशाला. तू वाच."

मी वाचलं. बरंचसं कळलं. औषधाचं नाव ओळखीचं होतं, ते तापावरचं नव्हतं एवढं नक्की. पण ते कशासाठी दिलं आहे त्या ओळीतले दोन शब्द नीट लागत नव्हते. अक्षर वाईट होतं, आणि अंदाज करता आला असता. काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काका, यातले दोन शब्द मला येत नाहीत," मी म्हटलं. "अंदाजाने सांगणार नाही. विचारून सांगते."

"कुणाला विचारणार?"

"आमच्या शिकवणाऱ्या मॅडमना. पण फोनला रेंज वर टेकडीवर मिळेल."

"चल मग," ते म्हणाले, आणि काठी टेकत माझ्यापुढे चालायला लागले. मी त्यांना बसा म्हणत होते, ते ऐकेनात. वर पोचायला आम्हाला अर्धा तास लागला. मॅडमना फोन लागला. मी एकेक अक्षर उच्चारून सांगितलं, त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. गोळी तापासाठी नव्हतीच. झटके परत येऊ नयेत म्हणून होती, आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत ती थांबवायची नव्हती. मधे चुकलेल्या गोळीचं काय करायचं, ते दवाखान्यालाच विचारा, असं मॅडम म्हणाल्या. कागदावर दवाखान्याचा नंबर होता. तिथेही फोन लावला. आजची गोळी आत्ताच द्या, दुप्पट देऊ नका, असं तिथल्या बाईने सांगितलं.

काकांनी तिथूनच खाली अंगणात उभ्या असलेल्या सुनेला हाका मारल्या. "दे गं! गोळी दे पोरीला! एकच दे!" सून हात हलवून घरात पळाली.

मग ते दगडावर टेकले, धाप लागली होती. कागद त्यांच्या गुडघ्यावर होता, वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरलेला. "आता सगळा वाच," ते म्हणाले. "पयल्या ओळीपास्नं. आणि जिथं येत नाय तिथं सांग, येत नाय म्हणून."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.